खालच्या सुराचे पुढारपण

मंचावर कोण कुठे बसतो यावरून त्याचे स्थान कळते, असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडे मधोमध गायक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तानपुरे. पाश्चात्त्य वाद्यमेळात पुढे गायक किंवा सॅक्सोफोन, आणि मागे, ड्रमच्या आडोशाला, बेस गिटार घेतलेला एक माणूस. तो मान डोलावत असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नसते. ‘लीड’ आणि ‘बेस’ हे शब्द गिटारच्या संदर्भात जणू विरुद्धार्थी म्हणून वापरले जातात. एक सुरावट वाजवतो, दुसरा जमीन धरून ठेवतो. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जॅझ फ्युजन नावाच्या संगीताने ही मांडणी उलटवली, असे त्या संगीताचे चाहते सांगतात. सांगताना त्यांचा स्वर एखाद्या दलित-मुक्तीच्या कथेसारखा असतो: मागचा माणूस पुढे आला, दबलेले वाद्य बोलू लागले. ही कथा खोटी नाही, पण ती मला अर्धीच खरी वाटते. मागचा माणूस पुढे आला तेव्हा मागे काय झाले, हे ती सांगत नाही. आणि पुढे आलेले जे वाद्य होते ते अजून ‘बेस’ उरले होते की नाही, हा प्रश्न तर ती विचारतही नाही. प्रस्तुत लेख त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

आधी आपल्या कानांविषयी थोडे. मराठी श्रोत्याला बेस गिटार अपरिचित नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारखे वादक होते आणि हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य अनेक वर्षे वाजत आले आहे. पण ही गाणी आपल्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकली ती बहुतांशी ट्रान्झिस्टरवर. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. हाताच्या पंजाएवढ्या स्पीकरमधून इतका खालचा स्वर बाहेर पडतच नाही. पडतात ते त्याचे वरचे अंश, आणि त्यांवरून आपला मेंदू मूळ स्वराची कल्पना करून घेतो. म्हणजे एका अर्थी आपण हे वाद्य ऐकण्यापेक्षा अनुमानानेच अधिक ओळखले. ते नसते तर गाणे पोकळ वाटले असते, पण ते आहे हे वेगळे जाणवले नाही. साथीच्या वाद्याची याहून चांगली व्याख्या करता येईल असे मला वाटत नाही.

जॅझमध्येही पुष्कळ काळ हीच स्थिती होती. माणसाच्या उंचीचा डबल बेस ठोक्याबरोबर चालत राहायचा, चारांत चार पावले टाकायचा आणि कुठला स्वरसंघात चालू आहे हे बाकीच्यांना सांगायचा. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात १९३९ मध्ये आलेल्या जिमी ब्लँटनने या वाद्यावर सनई-व्हायोलिनसारखी वाक्ये वाजवून दाखवली; १९४२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. चार्ल्स मिंगसने बेस खांद्याशी धरूनच संपूर्ण वृंदाचे नेतृत्व केले. स्कॉट लफारोने बिल इव्हान्सच्या त्रयीत पियानोच्या मागे चालण्याचे नाकारून त्याच्याशी संवाद सुरू केला. न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधले त्यांचे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ चे. त्यानंतर अकरा दिवसांनी लफारो मोटार-अपघातात गेला. तेव्हा ‘बेसला वाचा फुटली ती फ्युजनमध्ये’ हे विधान इतिहासाला धरून नाही. वाचा आधीच फुटली होती. फ्युजनमध्ये निराळे काही घडले.

ते समजण्यासाठी विजेवर चालणाऱ्या बेस गिटारकडे जॅझ कोणत्या नजरेने पाहत असे ते आठवावे लागते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. नावातच त्याचा हेतू आहे. गळ्यावर पडदे असल्याने स्वर नेमका लागावा, वाद्य गाडीत मावावे आणि ट्रंपेटांच्या गोंगाटात ऐकू यावे. लायोनेल हॅम्प्टनच्या वृंदात माँक माँटगोमेरीने ते लवकरच वाजवायला घेतले. तरी जॅझच्या अभिजनांना ते सोयीचे, बाजारू, नाचगाण्याच्या वृंदात शोभणारे वाद्य वाटत राहिले. मोटाउन कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन त्यावर काय चमत्कार करतो आहे, याची दखल त्या वर्तुळात फारशी घेतली गेली नाही. अशा स्थितीत १९७० मध्ये माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ आला. त्यात डेव्ह हॉलंडबरोबर हार्वी ब्रुक्सचा विजेचा बेस होता. पण त्याचे काम काय होते? एकच लहान आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहणे. म्हणजे वाद्याला मान मिळाला, पण जमीन धरून ठेवण्याचे काम उलट अधिकच पक्के झाले.

येथे एक विरोधाभास आहे आणि तो ‘वेदर रिपोर्ट’ या गटाच्या इतिहासात स्वच्छ दिसतो. व्हिएन्नाहून आलेला जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनी १९७० मध्ये हा गट काढला. दोघेही ‘बिचेस ब्रू’च्या ध्वनिमुद्रणात होते. त्यांचा पहिला बेसवादक मिरोस्लाव्ह व्हिटूश हा लफारोच्या घराण्यातला, मुक्तपणे संभाषण करणारा. एकाच वेळी सगळेच स्वतंत्रपणे बोलत आहेत आणि तरीही कोणी एकटा बोलत नाही, ही त्या गटाची मूळ कल्पना होती. मात्र झाविनुलला हळूहळू ठेका हवासा वाटू लागला, नाचता येईल असा, पायाला कळेल असा. व्हिटूशला त्यात रस नव्हता. तो गेला आणि अल्फॉन्सो जॉन्सन आला. बेसचे स्वातंत्र्य संपले आणि त्याला पुन्हा कामाला लावले गेले, असे तेव्हा कोणाला वाटले असते तर त्याला दोष देता आला नसता. आणि नेमक्या याच वाटेवर, दोन-अडीच वर्षांनी, बेस गिटार त्या गटाचा आघाडीचा आवाज झाली. स्वातंत्र्याच्या वाटेने जे मिळाले नाही ते ठेक्याच्या वाटेने मिळाले. हे का, याचे उत्तर जाको पास्टोरियस या माणसाच्या बोटांत आहे.

जाकोचा जन्म १९५१ चा, म्हणजे फेंडरच्या बेस गिटारचा आणि त्याचा जन्म एकाच वर्षातला. तो वाढला फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेल या समुद्रकाठच्या गावात. त्याचे पहिले वाद्य ड्रम. शाळकरी वयात फुटबॉल खेळताना मनगट मोडले आणि तो बेसकडे वळला. कॅरिबियन आणि क्यूबन संगीत, काळ्यांचे रिदम अँड ब्लूज, फिरत्या वृंदांतली रोजंदारी, हे त्याचे विद्यापीठ. याचा अर्थ असा की त्याने बेसवर प्रथम जे शिकले ते लोकांना नाचवणे. त्याच्या १९७६ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सॅम आणि डेव्ह यांनी गायलेले एक धडाकेबाज गाणे आहे. त्यातली बेसची चाल ऐकली की कळते, हा माणूस आधी तबलजी आहे आणि मग गवई.

त्याचे वाद्य होते १९६२ चा फेंडर ‘जॅझ बेस’, पडदे काढून टाकलेला. पडद्यांच्या खाचा भरून त्यावर इपॉक्सीचा कठीण, चकचकीत थर दिलेला. बिनपडद्याची बेस गिटार ही त्याची निर्मिती नव्हे. अँपेग कंपनीने तशी गिटार १९६६ मध्येच बनवली होती. पण पडदे काढल्यावर येणाऱ्या अडचणीवर त्याच्याकडे उत्तर होते. पीळदार पोलादी तार लाकडावर घासली की लाकूड झिजते, म्हणून सपाट, मऊ तार वापरावी तर स्वर मिटमिटतो. कठीण थरामुळे जाकोला पीळदार तार वापरता आली आणि स्वराला लांब आस मिळाली. शिवाय तो पुलाजवळच्या पिकअपवर भर देई आणि तारही तिथेच छेडी. त्यामुळे स्वराला एक नाकातला, टोकदार, सानुनासिक रंग येई. सतार-सरोद ऐकणाऱ्या माणसाला यात काय घडले ते समजावून सांगण्याची गरज नाही. पडदे गेल्याने मींड आली, आस लांबल्याने मींडेला अर्थ आला, आणि रंग टोकदार झाल्याने ती गर्दीत ऐकू आली.

हे शेवटचे महत्त्वाचे आहे. खालच्या स्वराने पुढारपण करणे अवघड का असते? त्यात तुच्छतेचा भाग थोडा, शरीरशास्त्राचा अधिक. आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो. तेवढाच ठळकपणा येण्यासाठी त्यांना कितीतरी अधिक शक्ती लागते. खालच्या सप्तकात दोन स्वर जवळजवळ वाजवले तर ते एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून तिथे स्वरसंघात उभा राहत नाही. आणि तिसरी अडचण कामाची. सगळे वृंद ज्या स्वराच्या आधाराने आपली जागा ठरवतात, तो स्वरच भटकायला निघाला तर बाकीच्यांनी उभे कुठे राहायचे? पहिल्या दोन अडचणी जाकोने वाद्यावर सोडवल्या. तिसरी सोडवण्यासाठी मात्र वाद्य पुरत नाही, विचार लागतो. त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तो विचार तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत मांडलेला आहे.

तिची सुरुवातच ‘डॉना ली’ या बीबॉप काळातल्या रचनेने होते. चार्ली पार्करच्या गटाने ती १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केली होती. सॅक्सोफोनवाल्यांचाही दम काढणारी, तुटक, वेगवान, वेड्यावाकड्या वळणांची चाल. जाको ती बेस गिटारवर वाजवतो आणि सोबतीला फक्त डॉन अलायसचे काँगा. पियानो नाही, गिटार नाही, ड्रमही नाहीत. बहुतेकांना यात धाडस दिसते ते वेगाचे. मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती रिकामी जागा. स्वरसंघात धरणारे कोणीच ठेवलेले नसल्याने चाल वाजवता वाजवता तिच्याखालची जमीनही तिनेच सुचवायची आहे. आणि ती सुचते. पुढे धावणारी सुरावट जिथे जिथे टेकते तिथे तिथे खालचा स्वरसंघात कोणता, हे कळत राहते, कारण वाजवणाऱ्याने वर्षानुवर्षे तेच काम केलेले आहे. गिटारवाला किंवा सॅक्सोफोनवाला हे असे वाजवू शकणार नाही असे नाही. पण त्याला ती सवय नसते. घर बांधणाऱ्या गवंड्याने गच्चीवर उभे राहून गावे, तसे हे गाणे आहे. पाय कुठे ठेवायचा हे त्याला न पाहता ठाऊक असते.

दुसरा तुकडा ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’. बायकोच्या नावाने केलेली ही रचना संपूर्णपणे एकट्या बेसवर आहे, आणि तिचा बराचसा भाग हार्मोनिक्सवर, म्हणजे तारेला न दाबता नुसते स्पर्श करून काढलेल्या स्वयंभू स्वरांवर, उभा आहे. जुळलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तेव्हा आपण क्षणभर थबकतो. कोणी न छेडलेला स्वर कुठून आला? जाकोच्या रचनेत असे स्वर सुरावट होऊन येतात आणि त्यांच्याखाली अधूनमधून एखादा खराखुरा खर्ज येऊन त्यांना स्वरसंघाताचे रूप देतो. वर बारीक घंटा, खाली विहीर. इथे बेसने वरच्या पट्टीत जाण्यासाठी आपले घर सोडलेले नाही. ते वरचे स्वर त्याच जाड तारेच्या पोटात आधीपासून होते. त्याने ते फक्त ऐकवले.

मग तो वेदर रिपोर्टमध्ये गेला आणि १९७७ मध्ये ‘हेवी वेदर’ आली. त्यातल्या ‘बर्डलँड’च्या सुरुवातीला खालची चाल वाजते, पण ती बेस गिटारची नव्हे. ती झाविनुल सिंथेसायझरवर वाजवतो. मग वरून एक उंच, धातूसारखी चमकणारी धून येते, आणि ती गिटार असावी असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते. ती असते जाकोची बेस, कृत्रिम हार्मोनिक्सवर वाजवलेली. माझ्या मते या काही सेकंदांत फ्युजनमधल्या बेसचे सगळे राजकारण आहे. बेसवादक वर गेला, कारण गटाचा म्होरक्या खाली उतरून जमीन धरायला तयार झाला. आपल्याकडे ही गोष्ट इतकी जुनी आहे की आपल्या लक्षातही येत नाही. एकल तबलावादनात काय होते? साथ करणारे वाद्य मधोमध येते आणि एरवी मुख्य असू शकणारी सारंगी किंवा पेटी लेहरा धरून बसते. तेच ते आवर्तन, कंटाळा न करता, तासभर. लेहरा धरणारा चांगला नसेल तर तबलावादकाचे कायदे-रेले हवेत लोंबकळतात. तबल्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते ठेका सोडून देऊन नव्हे; ठेका दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या रूपात, सांभाळला म्हणून. अहमदजान थिरकवाखाँसाहेबांचे एकलवादन ज्यांना थोर वाटते त्यांनी हेही आठवावे की गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना हाच हात साथ करत होता. त्या दोन गोष्टी दोन नव्हत्या.

त्याच ध्वनिमुद्रिकेतले ‘टीन टाउन’ हे जाकोचे स्वतःचे. त्यात बेस हेच मुख्य वाद्य, चाल तीच वाजवते आणि ड्रमही जाकोनेच वाजवलेले आहेत. पुढे धावणारा आणि मागून ठेका धरणारा हा एकच माणूस. आणि ‘अ रिमार्क यू मेड’ ही झाविनुलची संथ रचना. तिच्यात शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन आणि जाकोची बिनपडद्याची बेस एकमेकांशी असे बोलतात की मुख्य कोण हे विचारणे असभ्यपणाचे वाटावे. या रचनेत वेग नाही, चमत्कृती नाही. एक स्वर लागतो, थोडा थरथरतो, पुढच्या स्वराकडे घसरत जातो. ‘लीड बेस’ म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी ‘डॉना ली’ नव्हे, हीच रचना ऐकवेन.

याच काळात जाकोने जे केले त्याचा आणखी एक पैलू आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. जोनी मिचेल या कॅनेडियन गायिकेला बेसवादकांची एक तक्रार होती आणि ती तिने पुढे वेळोवेळी बोलूनही दाखवली: बेसने प्रत्येक वेळी मूळ स्वरावर येऊन खुंटी का ठोकायची? तिच्या गिटारच्या जुळणीच विचित्र. तिच्या स्वरसंघातांना एक मूळ स्वर सांगणे म्हणजे त्यांचा अर्थ अर्धा करणे. ‘हेजिरा’ या तिच्या १९७६ च्या संग्रहात काही गाण्यांना जाकोची बेस आहे. तो तिथे एकलवादन करत नाही. तो तिच्या गाण्याच्या खालून वर येतो, तिच्या ओळीला उत्तर देतो, कधी गप्प बसतो, कधी एका हार्मोनिकने क्षितिज उघडतो. कुठेही ‘आता माझी पाळी’ असा क्षण नाही आणि तरी बेस काढून टाकली तर ते गाणे उरत नाही. पुढारपणासाठी मधोमध यावेच लागते हा समजच येथे गळून पडतो.

आता ज्या मुद्द्यावर माझे अनेकांशी मतभेद होतील त्याकडे येतो. फ्युजनने बेसला लीड केले असे म्हणताना सामान्यतः ज्या गोष्टींची यादी दिली जाते त्यांतल्या पुष्कळशा मला लीड बेस वाटतच नाहीत. त्या बेसच्या आकाराच्या वाद्यावर वाजवलेल्या लीड गिटार आहेत. स्टॅन्ली क्लार्क हा थोर वादक. ‘रिटर्न टु फॉरएव्हर’मधला त्याचा वाटा आणि १९७६ चा ‘स्कूल डेज’ यांनी बेसवादकाला स्वतःच्या नावावर सभागृह भरता येते हे सिद्ध केले, आणि ‘स्कूल डेज’ची मुख्य धून तर बेसच्याच जाड अंगातून निघालेली आहे. पण त्याच दशकात त्याने ‘पिकोलो बेस’ही हाती घेतला. ही बेस एक सप्तक वर जुळवलेली, म्हणजे साध्या गिटारच्याच पट्टीतली. त्यावर तो सुंदर वाजवतो, यात शंका नाही. मात्र त्या सुंदर वादनाने बेसच्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही, प्रश्नच टाळलेला आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्या बाकावर बसवले, एवढेच. मागच्या बाकावरून जे दिसत होते ते वर्गाला सांगायचे राहूनच गेले.

याच्या उलट दोन उदाहरणे देतो. स्टीव्ह स्वालोने १९७० च्या सुमारास डबल बेस कायमचा सोडून बेस गिटार घेतली, तीही पिकने वाजवायला. पुढे त्याने वरची एक तार वाढवली, तरी वरच्या सप्तकातली त्याची वाक्ये वजनदार माणसाने हळू आवाजात बोलावे तशी असतात. दुसरा अँथनी जॅक्सन. सहा तारांची बेस ही त्याची कल्पना. कार्ल थॉम्पसन या कारागिराने ती १९७५ मध्ये प्रथम घडवून दिली आणि जॅक्सन तिला ‘काँट्राबेस गिटार’ म्हणे. सहावी तार म्हणजे वर जाण्याची सोय असे कोणी समजेल. पण त्याने वरच्याइतकीच खालचीही एक तार वाढवली होती. एकलवादनाची त्याला हौस नव्हती. आणि तरी ओजेज या गायकांच्या १९७३ च्या ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ची ओळख कोणती, असे विचारले तर कोणीही त्याची बेसची चालच गुणगुणेल, त्या गाण्याच्या रचनाकारांत त्याचे नावही आहे. हे गाणे फ्युजनमधले नव्हे, पण मुद्दा तोच. खाली राहूनही सगळ्यांना ज्याच्यामागे जावे लागते तो खरा पुढारी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो न्याय्य आहे. बेसने बेसच राहावे, असे म्हणणारा मी कोण? सॅक्सोफोनने सॅक्सोफोनसारखे वाजावे असे कोणी म्हणत नाही. व्हिक्टर वूटनने १९९६ मध्ये ‘अ शो ऑफ हँड्स’ केला. त्यात सबंधभर वाद्य एकच, बेस. अंगठ्याने, टिचक्यांनी, दोन्ही हातांच्या बोटांनी तो एकाच वेळी खालची चाल, मधले स्वरसंघात आणि वरची धून वाजवतो. हे त्याने करू नये काय? अवश्य करावे, आणि हा माझ्या म्हणण्याला अपवाद नसून पुरावा आहे. वूटनच्या हातात जमीन सुटत नाही, ती त्यानेच धरलेली असते. ‘८:३०’ या वेदर रिपोर्टच्या १९७९ च्या संग्रहात जाकोचे ‘स्लँग’ नावाचे एकलवादन आहे. त्यात तो प्रथम एक लहान चाल वाजवतो, डिले यंत्रात ती फिरती ठेवतो आणि मग तिच्यावर उभा राहून मुक्त वाजवतो. लेहराही त्याचा, तबलाही त्याचा. माझा आक्षेप वर जाण्याला नाही. खाली काय राहिले याची चिंता न करता वर जाण्याला आहे.

ही चिंता हल्ली कमी झालेली दिसते. आज बेसवादक बहुधा एकटाच भेटतो: पडद्यावर, एका मिनिटाच्या तुकड्यात, खोलीत खुर्चीवर बसलेला. बोटे अचाट चालतात. जाकोला जे स्वप्नात दिसले असेल ते विशीतली मुले सहज वाजवतात. पण त्या तुकड्यात दुसरे कोणी नसते. कोणाला जागा द्यायची नसते, कोणाकडून घ्यायची नसते. ज्या वाद्याचा सगळा धर्म इतरांशी असलेल्या नात्यात आहे, त्याचे कौतुक ते नाते वजा करून केले जाते. मग वेगाखेरीज मोजण्यासारखे उरते काय?

जाकोच्या आयुष्याचा शेवटही याच कौतुकाच्या भाषेत सांगितला जातो, म्हणून त्याविषयी चार शब्द. १९८२ मध्ये तो वेदर रिपोर्टमधून बाहेर पडला. त्याच सुमारास त्याच्या मनोविकाराचे निदान झाले. दारू आणि अमली पदार्थ होतेच. त्याची ती बिनपडद्याची बेस १९८६ मध्ये चोरीला गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लॉरिडातल्या एका क्लबबाहेर त्याला जबर मारहाण झाली आणि २१ सप्टेंबरला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. प्रतिभेची किंमत, पुढे येण्याची किंमत, असे काही याला म्हणण्याचा मोह आवरावा. आजाराला आजारच म्हणावे. त्याचे संगीत वेडाचे नव्हते, ते कमालीच्या शहाणपणाचे होते; दुसऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय ‘हेजिरा’तला एकही स्वर सुचत नाही. ती बेस पुढे अनेक वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये सापडली आणि ‘मेटॅलिका’चा बेसवादक रॉबर्ट ट्रुहिओ याच्या मदतीने २०१० मध्ये जाकोच्या कुटुंबाकडे परत गेली. एका वाद्यवाल्याने दुसऱ्याच्या वाद्यासाठी करावे असे हे काम होते.

मुंबईत १९९६ मध्ये जन्मलेली मोहिनी डे आज या परंपरेत जगभर वाजवते. तिचे वडील बेसवादक. लहानपणापासून ती मोठ्या वादकांबरोबर बसली आणि ए. आर. रहमान यांच्या वृंदात दिसू लागली. स्वतःच्या नावाचा तिचा पहिला संग्रह २०२३ मध्ये आला. तिच्याही बाबतीत लोक वेगाचीच गोष्ट काढतात. मला तिच्या वादनात आवडते ते वेगळेच. दक्षिणेतल्या कोन्नक्कोलचे बोल ती बेसवर जसेच्या तसे उतरवते तेव्हा वाद्य पुन्हा तालवाद्य होते, चाल आणि ठेका यांतली भिंत पडते. मनगट मोडलेला एक ड्रमवाला मुलगा पन्नास-साठ वर्षांपूर्वी जिथून निघाला होता, तिथेच ती निराळ्या रस्त्याने येऊन पोचते.

साथ हा शब्द आपल्याकडे हलका मानला जातो, आणि मुक्तीच्या कथांत तर तो शिवीसारखाच येतो. साथीतून सुटका म्हणजे प्रगती, असे त्यांचे गणित असते. बेस गिटारच्या इतिहासाने मला ते गणित चुकीचे असल्याचे दाखवले. साथ ज्याला पुरती कळली त्याच्याच हातून हे वाद्य खऱ्या अर्थाने पुढे आले, आणि ज्यांनी साथीचा तिरस्कार केला त्यांच्या हातात ते केवळ दुसरे एखादे वाद्य झाले. वाचकांपैकी कोणाला पडताळा घ्यायचा असेल तर ‘अ रिमार्क यू मेड’ लावावे, मात्र फोनच्या स्पीकरवर नव्हे. पहिल्या वेळी सॅक्सोफोन ऐकावा. दुसऱ्या वेळी फक्त बेस. तिसऱ्या वेळी दोन्ही ऐकण्याचा प्रयत्न करावा, आणि कोण कोणाला साथ करते आहे ते जमल्यास मला कळवावे.